मथीची बीजं पोटाशी धरून

नाशिकहून येताना लोक चिवडा आणतात, द्राक्षं आणतात. मी भाचीचा स्वेटर अंगात घालून आले आणि माझा तिकडेच सोडून आले. आधी त्याचीच गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

आमच्या कणकवलीला स्वेटर लागतो तो फक्त प्रवासाला. एरवी तो ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या संगतीत. पौषातली थंडी, त्यात नाशिक, म्हणून मी तो बाहेर काढला, झटकला आणि घातला. पहाटे नाशिकरोडला उतरले तेव्हा धुक्यात एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या अर्ध्याच दिसत होत्या, खालचा भाग कुणी पुसून टाकल्यासारखा. भाची न्यायला आली होती. तिला सर्दी झाली होती, हे माझं दुर्दैव. कारण तिला वास कळला तो प्रयोगशाळेच्या दारात.

"मावशी, मागे फिर! आत पाऊल टाकू नकोस!"

चौतीस वर्षं लॅबमध्ये नोकरी केलेल्या बाईला असं दारातून हाकलायचं म्हणजे काय! पण तिचं बरोबर होतं. डांबरगोळीचा वास, अत्तर, उदबत्ती, नेलपॉलिश, यातलं काहीही आतल्या जिवांना सोसत नाही. ते आपल्यासारखी खिडकी उघडू शकत नाहीत. मी बाहेर स्वेटर काढला, कुडकुडत साबणाने हात-तोंड धुतलं आणि तिचा स्वेटर घालून आत गेले.

सिन्नरच्या रस्त्यावर

भाचीचं नाव रेवती. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नाशिकहून सिन्नरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ही प्रयोगशाळा आहे. बाहेर कांद्याची शेतं, आत बुटक्या फ्रीजसारख्या दिसणाऱ्या उबदार पेट्या. गाई-म्हशींच्या पोटातून बीजं काढायची, पेटीत पिकवायची, वळूच्या वीर्याशी गाठ घालून द्यायची, आठवडाभर वाढवायची आणि मग दुसऱ्या एखाद्या तरण्या गाईच्या पोटात ठेवायची, हे तिचं काम.

मीही आयुष्यभर दुर्बिणीतच, म्हणजे सूक्ष्मदर्शकातच, बघत आले, पण रक्त, लघवी, थुंकी. माणसाच्या दुखण्याकडे. निवृत्त झाले तेव्हा रेवती म्हणाली, "मावशी, आता जरा सुरुवात बघायला ये." घरी अडवणारं कुणी नव्हतं. मूलबाळ झालं नाही, हे गेले त्याला सहा वर्षं झाली. मी पिशवी भरली.

आत मंद उजेड होता आणि माघातल्या दुपारसारखी ऊब. रेवतीने म्हशीचं एक बीज दुर्बिणीखाली ठेवलं. सुईच्या टोकापेक्षा लहान असलेलं ते बीज तिथे एखाद्या भिजलेल्या साबुदाण्याएवढं दिसत होतं. मध्ये गडद गोळा आणि भोवती बारीक बारीक पेशींची दाट साय.

"ही साय दाट असली की बीज चांगलं समजायचं," रेवती म्हणाली. "तीच त्याला भरवते, सांभाळते. साय विरळ असली किंवा बीज उघडंच असलं, तर फार आशा नाही."

"आणि वय झालं की?"

"वय झालं की विरळच जास्त." मग बीज पेटीत परत ठेवत म्हणाली, "उद्या आपल्याला तसल्याच एका म्हातारीकडे जायचंय."

पाड्यावर

म्हातारी म्हणजे मथी. पेठच्या अलीकडे डोंगरात एक पाडा आहे, तिथल्या हिरामणदादांची डांगी जातीची गाय. काळ्यापांढऱ्या शिंतोड्यांची, कातडी तेलकट, खूर काळे आणि दगडासारखे घट्ट. त्या पावसाळ्यात जगायचं म्हणजे असंच अंग हवं. वय सतरा. पाच वेळा व्याली आणि पाचही वेळा गोऱ्हाच, म्हणजे नर वासरूच, झाला. आता तिला माज येईनासा झाला होता. घरात तिच्या रक्ताची एकही पाडी नव्हती. मथीची आई ठकी, तिची आई कोण कुठली हेसुद्धा हिरामणदादांच्या बायकोला, चांगुणाबाईंना, पाठ होतं. मथी गेली की ती माळ तुटणार होती. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं की हिच्यावर हा प्रयोग एकदाच, दुसऱ्यांदा तिला सोसणार नाही.

जीपमध्ये पुढे डॉक्टर गाडी चालवत होते, मागे मी, रेवती आणि एक चौकोनी डबा. गाडीच्या वायरीवर चालणारा, आतून गाईच्या अंगाएवढा गरम राहणारा. घाट चढताना धुकं इतकं होतं की समोरून आलेली बैलगाडी आधी घंटांची झाली आणि मग बैलांची.

पाड्यावर पोचताच चांगुणाबाईंनी कोरा चहा दिला आणि वर नागलीची भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची चटणी. आमच्याकडे हीच नाचणी, पण आम्ही ती आंबील करून आजाऱ्याला पाजतो. इथे ती तव्यावर टम्म फुगते आणि कामावर जाणाऱ्याच्या पोटात बसते. मी तीन खाल्ल्या. रेवती डोळे मोठे करून बघत होती.

"मथी म्हणजे कुणाचं नाव?" मी विचारलं.

"माझ्या सासूचं. मथुरा." चांगुणाबाई चुलीत लाकूड सारत म्हणाल्या. "आमच्या घरात गोऱ्ह्याला गडी काय बी नाव देत्यात, ढवळ्या का पवळ्या. पाडीला नाव बाईचं. जी पयली पोटाशी धरंल, तिचं. ही पडली तवा सासूनं धरली. ठकी पडली तवा आजेसासू ठकूबाई व्हती."

"आणि तुमच्या नावाची?"

त्या हसल्या. पण हसू पुरतं आलं नाही. "पाच बारीला मीच धरलं व बाई. पाची बारीला गोऱ्हा."

डॉक्टरांनी मथीच्या शेपटीच्या मुळाशी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. मग लांब नळी, सोनोग्राफीचा छोटा पडदा आणि बारीक सुई. पडद्यावर काळे काळे थेंब दिसत, सुई टेकली की एकेक विझून जाई. हिरामणदादा मथीच्या गळ्याला मिठी मारून उभे होते. मथीचं लक्ष समोरच्या पेंढ्यात होतं.

ओसरीवर घोंगडीच्या आडोशाला रेवतीने दुर्बीण मांडली होती. गोळा केलेल्या पाण्यात ती एकेक बीज शोधू लागली. सात सापडली. दोघांची साय दाट. तीन बऱ्यापैकी. दोन जवळजवळ उघडी.

चांगुणाबाई हळूच मागे येऊन उभ्या राहिल्या. रेवतीने त्यांना बघू दिलं. बराच वेळ त्या एक डोळा मिटून वाकून राहिल्या. मला त्या वेळी एक गोष्ट आठवली, पुस्तकात वाचलेली, पण तोवर कधी आत न उतरलेली. बाईच्या जातीला जन्मभराची बीजं जन्माआधीच मिळालेली असतात. म्हणजे ठकीच्या पोटात मथी होती, तेव्हाच मथीच्या पोटात ही होती. ठकूबाईंच्या, मथुराबाईंच्या काळापासून ही सात जण तिथे अंधारात बसून होती. आज पहिल्यांदा त्यांना उजेड दिसत होता आणि बघणारी चांगुणा होती.

"ही दोन बारीक काय व?" त्यांनी विचारलं.

"ती बहुधा उपयोगाची नाहीत," रेवती म्हणाली. "ती मी बाजूला काढते."

"का? भाताच्या आवणीला आमी बारकं रोप फेकत नाय. लावून देतो. चिखल ठरवंल काय ते."

रेवतीने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तिने सातही बीजं दोन छोट्या बाटल्यांत भरली, चांगली दोन एकीत आणि बाकीची पाच दुसरीत. बुचं घट्ट लावली आणि बाटल्या डब्यात ठेवल्या.

परतीची वाट

यानंतर जे झालं त्याला मी आजही चूक म्हणायला धजत नाही.

डबा जीपच्या मागच्या फळीवर ठेवला होता. वायर लावलेली, हिरवा दिवा लागलेला. रेवती आणि डॉक्टर निघण्याआधी मथीला एकदा बघायला गोठ्यात गेले होते. चांगुणाबाई सुपात तांदूळ, नारळ, हळदकुंकू घेऊन आल्या. त्यांनी डब्याला कुंकू लावलं, त्याच्यासमोर तांदळाची ओंजळ आणि नारळ ठेवला. ओटी भरली! घरातून लेक निघाली होती ना. मला गलबलून आलं. मी नुसती बघत राहिले. तेवढ्यात त्यांनी शेजारचा तांब्या उचलला. घरातलं कुणी लांब निघालं की त्याच्या पायावर पाणी घालायचं ही त्यांची रीत. डब्याला पाय नव्हते, म्हणून पाणी डब्यावरच घातलं. अख्खा तांब्या, विहिरीचं गार पाणी.

चट्ट असा आवाज झाला आणि दिवा विझला.

रेवती धावत आली. तिने वायर काढली, पुसली, लावली, परत लावली. काही नाही. डब्यातल्या तापमापकाचा आकडा उतरू लागला. आधी हळू, मग भराभर. बाहेर इतकी थंडी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. जीपला हीटर नव्हता आणि प्रयोगशाळा अडीच तासांवर.

"गरम पाण्याची बाटली?" डॉक्टर म्हणाले.

"किती गरम, कोण सांगणार? जास्त झालं तर शिजतील." रेवतीचा आवाज रडवेला झाला होता.

चांगुणाबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं, पण सगळं कळलं होतं. "मी काय केलं व," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

आणि मला माझी नोकरी आठवली. आमच्या लॅबमध्ये मूल होत नाही म्हणून तपासायला जोडपी यायची. नवऱ्याने घरून बाटलीत नमुना आणायचा. चौतीस वर्षं मी त्या लाजून चूर झालेल्या नवऱ्यांना एकच सांगत आले होते, 'पिशवीत नाही आणायची. अंगाशी धरून आणा. गार होऊ देऊ नका.'

"रेवती," मी म्हटलं, "बाटल्या इकडे दे."

ती बघतच राहिली. मग तिच्याही ध्यानात आलं. बाटल्या कापसात गुंडाळल्या, माझ्या रुमालात बांधल्या आणि मी त्या पोलक्याच्या आत, काळजाखाली ठेवल्या. वर रेवतीचा स्वेटर, वर शाल, वर चांगुणाबाईंनी आणून दिलेली घोंगडी. माझा डांबरगोळीचा स्वेटर असता तर, असं वाटून मी मनातल्या मनात कानाला हात लावला.

तो अडीच तासांचा प्रवास मला नीट सांगता येणार नाही. मी जागी होते, पण जागेपणीच स्वप्नात गेल्यासारखी. हात पोटावर आवळलेले, पाठ ताठ. खड्डा आला की श्वास रोखायची. घाट उतरला, धुकं विरळ झालं, द्राक्षबागांचे मांडव रांगेने मागे पळू लागले. कधीतरी मला असं वाटू लागलं की मी त्यांच्याशी बोलतेय. काय बोलत होते ते आठवत नाही. बहुतेक कणकवलीबद्दल. आमच्याकडे असे डोंगर आहेत पण पलीकडे समुद्र आहे, असलं काहीतरी. माझ्या पोटाशी कधी कुणी निजलं नव्हतं. वयाच्या साठीत अडीच तास सात जण निजली. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

प्रयोगशाळेच्या दारात रेवतीने बाटल्यांना हात लावला. "गरम आहेत," ती म्हणाली आणि आत पळाली.

वाट बघायचे दिवस

दुसऱ्या दिवशी बीजं पिकली. चांगल्या दोघींची साय फुलून मोकळी झाली होती, बाकीच्यांची कमीजास्त. त्यांना डांगी वळूच्या वीर्यात ठेवलं. मग रेवतीने सांगून टाकलं, "आता आठवडाभर काही विचारू नकोस. मावशी, नाशिक बघ."

मी नाशिक पाहिलं. म्हणजे माझं शरीर हिंडलं. द्राक्षबागेत बसून मिसळ खाल्ली. आमच्याकडे उसळ नारळाच्या वाटणात शांत असते, इथे काळा रस्सा थेट ब्रह्मांड दाखवतो. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा वाढणारा म्हणाला, "ताई, दही घ्या, नाशिकचं पाणीच असं हाय." एके दुपारी एसटीने सिन्नरला गेले आणि तिथल्या जुन्या दगडी देवळाच्या पायऱ्यांवर उन्हाला बसले. दगड इतके तापले होते की मला त्या पेट्या आठवल्या. गोदेवर गेले. मी देवाकडे काही मागत नाही, सवयच नाही. पण तिथून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या बाजूला तोंड करून उभी राहिले आणि म्हटलं, बाई, आठवडाभर लाईट घालवू नकोस.

दोनदा गेली. दोन्ही वेळा जनरेटर लागला. मला झोप लागली नाही.

रोज सकाळी रेवती कामावरून फोन करी. दोन पेशी झाल्या. चार झाल्या. मग तिचे फोन तुटक होऊ लागले. चांगल्या दोघी आठ पेशींवर थांबल्या. पुढे गेल्याच नाहीत. दोन तर फळलीच नव्हती. आणखी दोन तुकडे होऊन गेली.

आठव्या दिवशी तिने मला बोलावलं. मी दुर्बिणीत पाहिलं. एकच उरलं होतं. पण काय होतं! पारदर्शक, आत पोकळी, एका कडेला पेशींचा दाट पुंजका, जणू कुणी खिडकीशी येऊन बसलंय.

"कुठलं हे?"

"दुसऱ्या बाटलीतलं. त्या दोन उघड्यांपैकी एक." रेवतीने वहीत त्याची नोंद केली. मग म्हणाली, "मी टाकणार होते."

पुन्हा पाड्यावर

या वेळी डबा नवा होता आणि चांगुणाबाईंनी तांब्या आधीच घरात नेऊन ठेवला होता. त्यांच्याच गोठ्यातली, बाजारातून आणलेली भुरी नावाची तरणी गावठी गाय डॉक्टरांनी आधीपासून तयार करून ठेवली होती. बारीक नळीतून ते एवढंसं तिच्या पोटात गेलं. पाच मिनिटांचं काम. मथी शेजारीच बांधलेली, रवंथ करत.

निघताना चांगुणाबाईंनी माझे दोन्ही हात धरले.

"बाई, माझ्यामुळं तुमास्नी तरास झाला."

"तुमच्यामुळे एक उरलं, चांगुणाबाई," मी म्हटलं. "बारकं रोप तुम्हीच ठेवायला लावलंत."

त्यांनी माझ्या पायावर पाणी घातलं. थंडगार. मी तशाच ओल्या पायांनी जीपमध्ये बसले आणि नाशिक येईपर्यंत ते पुसले नाहीत.

कणकवली

घरी आल्यावर उन्हाळा गेला, पाऊस आला. रेवतीचे फोन येत. भुरी गाभण आहे. भुरी बरी आहे. पोळ्याच्या आधी एक फोन आला. मथी गेली. चरून आली, बसली, ती उठलीच नाही. हिरामणदादा दोन दिवस जेवले नाहीत. मी त्या दिवशी नाचणीची भाकरी करायला घेतली. ती तव्यावर फुगली नाही, पण खाल्ली.

त्यानंतर मी रोज फोनकडे बघत असे. पाडी का गोऱ्हा, हे मला कुणाला विचारवत नव्हतं. मथी असती तर गोऱ्हा झाला तरी चाललं असतं, असं मी मनाला सांगे. आता चाललं नसतं.

दिवाळी तोंडावर आली. त्यांच्याकडे तेव्हा वाघबारस असते, डोंगरातल्या वाघाला नैवेद्य दाखवायचा, आमच्या गाईगुरांना सांभाळ म्हणायचं. त्याच्या आदल्या सकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला. आधी नुसता वाऱ्याचा आवाज, मग कुणाचं तरी धापा टाकणं.

"बाई, मी चांगुणा."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुमचं नाव काय व? इतकं दिस बाईच म्हणत राह्यले, नाव इचारलंच नाय."

मी पाटावर बसले. "चांगुणाबाई, तुम्ही पुसलंत ना तिला? तुम्हीच धरलंत ना? मग तुमचं नाव. इतकी वर्षं थांबलात तुम्ही."

"पुसलं मी. पर पयली पोटाशी तुमी धरली. रीत ती रीत. सांगा लवकर, डोकं वर करून बघतीया."

"सुलभा," मी म्हटलं. चौतीस वर्षं रोज शेकडो कागदांवर सही केलेलं नाव.

"सुलबी," त्यांनी ते आपल्या तोंडात बसवून पाहिलं. मग फोन बाजूला धरून ओरडल्या, "आवो, सुलबी म्हना तिला!" पलीकडे हिरामणदादा काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. काहीतरी धडपडलं, पेंढा वाजला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काय नाय व. सुलबी उभी राह्यली."